आक्कांच्या भाषणातलं माहेरचं पान

२ ऑगस्ट २००३, शनिवार

आज कमिटीची मिटिंग संपली, चहा झाला, बायका चपला शोधायला लागल्या, तेवढ्यात आक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या, "औंदाच्या सभेला मी चेअरमन म्हनून उभी न्हाई. अकरा वर्सं झाली. बास."

साळुबाई एक चप्पल पायात, एक हातात अशी उभी. मला बोलायचं होतं, पण अशा वेळी सेक्रेटरीने गप्प बसावं हे मला कळतं.

आक्का म्हणजे तुकाबाई. आमची महिला दूध संस्था त्यांनी ब्याण्णव साली काढली, तेव्हा पिंपरी पेंढारपर्यंत लोक हसले होते म्हणे. सहीपलीकडे त्यांना लिहिता येत नाही. पण गाव आणि वरची वाडी एका संस्थेत त्यांनीच आणली. गावात आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतीवाले. वाडीत मेंढरंवाल्यांची घरं. मेंढरं आता दोन-तीन घरांतच उरलीत, बाकी सगळ्यांच्या दारात आमच्यासारख्याच जर्सी गायी. दूध एकाच संस्थेला घालतो, तरी गाव ते गाव आणि वाडी ती वाडी.

सगळ्या गेल्यावर आक्का म्हणाल्या, "मला जाताना चार शब्द बोलायचेत. तू लिव्हून काढ. आन् एकदा लिव्हलं की दरसाल सभेत वाचायचं. मी असंन नसंन."

आता खरं लिहिते, वही माझीच आहे. त्यांच्या जागी माझंच नाव येणार. बारावी पास दुसरी आहे कोण? भाषणही मीच लिहिणार आहे. देवाने जुळवून आणलं म्हणायचं.

५ ऑगस्ट, मंगळवार

पहिला खर्डा वाचून दाखवला. "सूर्य अस्ताला जातो, परंतु त्याची किरणे…" इथपर्यंतच पोचले.

"ह्ये कुनाचं भाषान हाय?"

"तुमचंच, आक्का."

"मी कंदी किरनं म्हनले गं? दुधाचं काय लिव्हलंस?"

दुधाचं शेवटच्या ओळीत होतं. सगळं खोडलं. मग त्या गाईला आंबोण देता देता सांगत गेल्या आणि मी उंबऱ्यावर बसून उतरून घेतलं. दोनच गोष्टी सांगायच्या आहेत म्हणाल्या. एक, घरात फुटू नका. दोन, बाहेरच्या कुणाच्या दावणीला संस्था बांधू नका. बस. यात भाषण काय होणार? मला तर वाटलं होतं सगळा इतिहास येईल, सत्काराचं येईल, तालुक्याला पहिला नंबर आला होता ते येईल.

१२ ऑगस्ट, मंगळवार, राखीपौर्णिमा

माहेरी जाऊन आले. घोडेगावच्या गाडीला उभं राहायलाही जागा नव्हती, पण माहेरची वाट असली की पाय दुखत नाहीत. आईने नारळीभात केला होता.

चांगदेव माझा धाकटा भाऊ. तिकडच्या डेअरीत सुपरवायझर झाल्यापासून शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावतो. राखी बांधून झाली तेव्हा म्हणाला, "ताई, औंदा ववाळणी मी मागतो तुझ्याकडं." मी हसले. त्याने गंमत केली नव्हती. डेअरी आमच्या संस्थेला बल्क कुलर देणार. आख्खी स्टीलची टाकी, लाईटवर चालणारी, दूध नासायची भीतीच नाही. बदल्यात दोन्ही वेळचं सगळं दूध पाच वर्षं त्यांनाच घालायचं. "मी सायबाला म्हनलंय, माझी भैन थितं सेक्रेटरी हाय. त्वा शब्द दे, माझं परमोशन व्हतंय."

मी शब्द दिला. तो भाऊ आहे म्हणून नाही, संस्थेच्या भल्याचं होतं म्हणूनच दिला. आत्ता सकाळचं दूध संघाला जातं आणि संध्याकाळचं आळेफाट्याच्या पलीकडच्या डेअरीला. आक्कांनीच ही पद्धत पाडली. दोन घरचा पाहुणा असं किती दिवस चालायचं? एकाशी नीट जमवून घेतलं तर कुलर मिळतो.

चांगदेवने निळी साडी घेतली. रंग छान आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

संकलनाला आलेल्या गावातल्या बायकांना कुलरचं सांगितलं. सगळ्या खूष. गेल्या मे महिन्यात टेंपो उशिरा आला तेव्हा सात कॅन नासले, ते कुणी विसरलेलं नाही. डेअरीचा सुपरवायझर कोण, हे कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही.

एक अडचण आहे. कुलर ठेवायला एकच जागा लागते, ती गावात. वाडीवरचं संकलन बंद करावं लागेल. वाडीच्या बायकांनी दूध घेऊन खाली यावं. दोन किलोमीटर म्हणजे काही काशी नाही.

१९ ऑगस्ट, मंगळवार

लंकाबाई आली होती. वाडीच्या बायकांची ही पुढारीण. जमिनीवर बसत नाही, खुर्चीवरही बसत नाही, दाराला टेकून उभी राहते आणि बोलून घेते.

"सेक्रेटरीनबाई, पोटुशी बाई कॅन घिऊन दोन टायमाला खाली-वर करंन का?"

म्हटलं, "लंकाबाई, कुलर सगळ्यांसाठी आहे."

"टाकी गावात आन् पायपीट वाडीची. सगळ्यांसाटी कसा?"

मी म्हटलं, संस्थेला पुढं जायचंय तर कुणाला तरी थोडा त्रास सोसावा लागतो. ती हसली. "कुनाला तरी म्हंजी दरखेपेला आमालाच व्हय? मंग आमी आमची येगळी संस्था काडू. घाला तुमचं दूध तुमच्या टाकीत."

गेली. मला राग आला तो आलाच. काढू दे वेगळी. एकसष्ट सभासदांत त्या तेवीस. आम्ही अडतीस. त्यांचं गेलं तरी संस्था काही बुडत नाही, उलट रोजची किटकिट कमी होईल. आणि ही एवढी का तडतडते ते मला ठाऊक आहे. लंकाबाईचं माहेर आळेफाट्याच्या पलीकडे. संध्याकाळचं दूध जिथं जातं त्या डेअरीच्याच गावात. तिला माहेरचा पुळका आहे, दुसरं काही नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

आज भाषणाचं दुसरं पान. आक्कांनी एक जुनी गोष्ट सांगितली, ती मला माहीतच नव्हती. त्र्याण्णव साली, संस्था नवी असताना, त्यांनी सगळं दूध आपल्या माहेरच्या एका दूधवाल्याला द्यायचं ठरवलं होतं. चुलत भाऊच तो. कुणाला विचारलं नाही. पावसाळ्यात त्याची गाडी आठ दिवस आली नाही आणि दुसरीकडे कुणाशी बोलणंच ठेवलेलं नव्हतं. बायकांनी दूध ओढ्यात ओतलं.

"वाडीची लंका तवा नवी नवरी व्हती," आक्का म्हणाल्या. "तिनं भरला कॅन माझ्या दारात आनून पालथा घातला. आन् म्हनली, आत्या, ह्ये तुमच्या म्हायेराला. त्या दिसापास्नं सकाळचं दूध येकाला आन् सांजचं दुसऱ्याला. गोड सगळ्यांशी बोलायचं, ठराव वर्साच्या वर करायचा न्हाई."

मी पेन थांबवलं. म्हटलं, आक्का, निरोपाच्या भाषणात स्वतःची चूक कशाला? लोक काय लक्षात ठेवतील?

"चूकच ठिवतील ध्येनात. म्हनून तर लिव्ह."

घरी येऊन नीट उतरवताना मी तो परिच्छेद गाळला. त्यांची इज्जत त्यांना कळत नसली तरी मला कळते.

३१ ऑगस्ट, रविवार, गणेश चतुर्थी

गणपती बसला. मोदक एकवीस, फुटले चार. साळुबाई आरतीला आली होती, तिने कानात सांगितलं की गावातल्या पस्तीस जणी कुलरच्या बाजूने आहेत. चेअरमनपदाचंही त्या माझंच नाव घेतात. ओझरला जाऊन विघ्नहराला नारळ वाढवायचा आहे, सभा झाली की.

६ सप्टेंबर, शनिवार

आक्कांनी बोलावलं. वाटलं भाषण. त्या म्हणाल्या, "ठरावावर सह्या घ्येतीस म्हनं."

"छत्तीस झाल्या."

"म्हंजी तू जितलीस."

"हो."

"मंग वाडीचं दूध?"

"त्या वेगळं काढायचं म्हणतात. काढू देत."

आक्का म्हणाल्या, "पुष्पे, गाव आन् वाडी मिळून टेंपो भरतो म्हनून टेंपो आपल्या दारात येतो. निम्म्या टेंपोसाटी कोन यील गं? आज तू वाडी सोडशील. फुडल्या साली गावातलाच वरचा मळा म्हनंल आमी तरी कशाला. छत्तीसाच्या अठरा व्हायला वेळ न्हाई लागत."

त्या आता थकल्या आहेत. नव्या गोष्टीची भीती वाटते त्यांना. मी मागे हटणार नाही. संस्था पुढे न्यायची तर कुणीतरी ठाम राहायलाच हवं.

जाताना म्हणाल्या, "आन् माझी चूक गाळलीस त्ये परत लिव्ह." त्यांना वाचता येत नाही. कळलं कसं, देव जाणे. घरी येऊन तो परिच्छेद परत घातला.

१३ सप्टेंबर, शनिवार

पितृपंधरवडा चालू आहे. सभा एकवीस तारखेला आहे म्हटल्यावर साळुबाई म्हणाली, पितरांच्या दिवसांत नको. आक्का म्हणाल्या, "सभा म्हंजी काय लगीन हाय का? पितरं बी आयकतील."

आज तिसरं पान सांगितलं. हेच शेवटचं.

"लिव्ह. आपुन समद्या ह्या गावच्या सुना. हितली कुनीच न्हाई, समद्यांचं म्हायेर भाईर हाय. म्हायेराची वढ आसनारच, न्हाई तर ती बाई कसली. पन संस्थेचा येव्हार ज्या गावाशी व्हनार आसंल, त्या गावच्या लेकीनं त्या ठरावावर बोलायचं न्हाई आन् हात वर करायचा न्हाई. तिनंच सांगायचं, माझं म्हायेर हाय, मी बाजूला बसते."

काय बोलल्या! म्हणजे संध्याकाळच्या डेअरीचा विषय निघाला की लंकाबाईचं तोंड बंद! आक्कांनी शेवटी माझ्याच बाजूने माप टाकलं, फक्त कुणाला टोचू नये म्हणून नाव घेतलं नाही.

"आक्का, हे जरा ठसठशीत करून लिहिते."

"कर. तुला जसं सुचंल तसं."

आणि खरंच सुचलं. दुपारी लिहायला बसले ते दिवेलागणीलाच उठले. एक वाक्य तर असं जमलंय की मीच चार वेळा वाचलं: "जी बाई माहेरी शब्द देऊन संस्थेत मत मागते, ती एका कॅनमध्ये दोन घरचं दूध घालते, आणि ते नासल्यावर शेजारणीकडे बोट दाखवते." लंकाबाईला हे सभेत सगळ्यांसमोर ऐकायला लावणार. आक्कांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. म्हणाल्या, "लई चांगलं लिव्हलंस. ह्यातला येक शबूद हलवू नगंस."

२१ सप्टेंबर, रविवार

सभा झाली.

सगळं जसं झालं तसं लिहायचं ठरवलंय, नाहीतर ही वही कशाला ठेवायची.

शाळेच्या वर्गात सभा. एकसष्टपैकी अठ्ठावन्न जणी. गाव खिडकीकडे, वाडी दाराकडे, मधे रिकामी चटई. मी निळी साडी नेसले होते. आक्कांनी नमस्कार केला आणि म्हणाल्या, "माझं पुष्पा वाचंल." मी उभी राहिले.

पहिलं पान छान गेलं. दुसऱ्या पानावर ओढ्यात ओतलेल्या दुधाची गोष्ट आली तेव्हा म्हाताऱ्या बायका हसल्या आणि लंकाबाईने पदराने तोंड झाकलं. मग तिसरं. मी आवाज चढवला, मुद्दाम तिच्याकडे बघत वाचलं, माझं ते जमलेलं वाक्य तर थांबून थांबून वाचलं.

वाचून संपलं आणि लंकाबाई उठली.

"बराबर हाय. माझं म्हायेर तिकडचं. सांजच्या दुधाचा ठराव यील तवा मी बोलनार न्हाई आन् हात बी वर करनार न्हाई. आत्यांनी नेम घालून दिलाय त्यो पयला माझ्यावर लागू करा." आणि खाली बसली. भांडण नाही, टोमणा नाही. बसताना शेजारच्या म्हातारीची पिशवी पायाखाली आली ती नीट उचलून ठेवली.

मग चेअरमनच्या खुर्चीतून आक्का म्हणाल्या, "फुडचा इषय. कुलरचा ठराव. मांडनार, पुष्पा."

माझ्या हातात माझे कागद होते. वर तेच पान होतं. माझंच अक्षर. मी ठराव मांडायला तोंड उघडलं आणि घसा बसला. खरंच बसला, आवाजच फुटेना. साळुबाईने पाणी दिलं. प्याले. अठ्ठावन्न बायका बघत होत्या आणि मला पहिल्यांदाच वाटलं की त्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक आहे. माझं माहेर कुठलं हे काय लपून राहणार आहे? आठ वर्षं मी तिकडचीच म्हणून ओळखली जाते.

म्हटलं, "ह्या डेअरीचा सुपरवायझर माझा सख्खा भाऊ आहे. राखीला मी त्याला शब्द दिला. तुम्हाला सांगितलं नाही."

पुढे काय बोलले ते नीट आठवत नाही. ठराव मागे घेते म्हणाले, एवढं आठवतं. मग खिडकीकडे न जाता मधल्या रिकाम्या चटईवर बसले.

गलका झाला. सही केलेल्या काही जणी चिडल्या, त्यांचं बरोबरच होतं. लंकाबाईच म्हणाली, "कुलर वाईट न्हाई. पाच वर्सं वाईट हायेत. येका वर्साचं इचारा, सकाळच्याच दुधाचं इचारा, आन् वाडीवरचं संकलन ऱ्हाऊ द्या. न्हाई म्हनले तर न्हाई." हे असंच ठरलं. मी हात वर केला नाही.

चेअरमनसाठी साळुबाईने माझं नाव घेतलं. मी नको म्हटलं. लंकाबाई झाली. वाडीची पहिलीच. गावातल्या अकरा जणींनी हात वर केले नाहीत, बाकीच्यांनी केले. लंकाबाईने माझ्याकडे बघून विचारलं, "सेक्रेटरीनबाई, तुमी ऱ्हानार का पळनार?"

राहणार म्हटलं.

२४ सप्टेंबर, बुधवार

स्टँडवरच्या बूथवरून चांगदेवला फोन केला. सांगितलं.

"ताई, मी तुझ्या नावावर सायबाला बोललो व्हतो. आता मी काय तोंड दाखवू?"

म्हटलं, मी तुला शब्द द्यायलाच नको होता. माझा नव्हता तो.

"भैन म्हनून मागितलं मी."

"सेक्रेटरी म्हणून दिला मी, तिथंच चुकलं." एका वर्षाचं, सकाळच्या दुधाचं साहेबांना विचारशील का, असंही म्हटलं. त्याने फोन ठेवला. बूथवरच मला रडू आलं. बूथवाला दुसरीकडे बघत राहिला, भला माणूस.

वाईट फार वाटतंय, पण फोन पुन्हा लावून बदलावंसं वाटत नाही. दोन्ही एकदम खरं आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

डेअरीचं पत्र आलं. एका वर्षाला कुलर देत नाहीत. संघाकडे विचारलं, ते बघतो म्हणाले. आळेफाट्याकडे विचारायला लंकाबाई स्वतः गेली नाही, मला पाठवलं. तेही बघतो म्हणाले. बघू देत. आम्ही दर महिन्याला विचारत राहणार आहोत.

वाडीचं दूध वाडीवरच घेतो. आठवड्यातून दोन दिवस मी तिथं उभी राहते. चढ लांब आहे. मोजला नव्हता कधी.

२६ ऑक्टोबर, रविवार, भाऊबीज

चांगदेव आला नाही. अकरापर्यंत वाट पाहिली, मग दुपारच्या गाडीची, मग म्हटलं संध्याकाळी संकलन आहे, उठावं. आईचा निरोप आला की त्याला सुट्टी मिळाली नाही. दिवाळीत डेअरीला सुट्टी नसते हे खरंही आहे.

संकलनाला जाता जाता आक्कांच्या गोठ्यावर गेले. त्या धार काढत होत्या. मी खालीच बसले.

"आला न्हाई व्हय?"

"नाही."

त्या धार काढत राहिल्या. मग मी विचारलंच. "आक्का, तुम्हाला कधी कळलं होतं? माझ्या शब्दाचं?"

"राखीच्या दुसऱ्या दिशी. तुझ्या चांगदेवानंच स्टँडवर चार जनांत सांगितलं, माझ्या भैनीनं शबूद दिला म्हून. लई आनंद झाल्ता त्याला."

म्हणजे सगळं ठाऊक असून त्यांनी मला ते पान लिहायला बसवलं. सगळं ठाऊक असून डोळे मिटून ऐकलं. मला संताप आला, लाजही वाटली. म्हटलं, "मग सरळ माझं नाव का घेतलं नाहीत? घरात बोलवून चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. भाषणात नाव घातलं असतं तरी मी ऐकून घेतलं असतं."

आक्कांनी बादली बाजूला ठेवली. गाईच्या पाठीवर थाप मारली, ती सरकली.

"नाव घातलं आसतं तर त्ये भाषान औंदापुरतं झालं आसतं, पुष्पे. दरसाल वाचायचं हाय त्ये. फुडल्या साली तू वाचशील तवा कागदाकडं बघू नगंस. कुनाचा घसा बसतोय त्ये बघ, आन् तिला पानी द्ये."